उत्तमराव मिस्त्रींनी पास केलेल्या मशीनबाबत

जबाब देणार : निवृत्ती तुळशीराम खोडके, वय ५४ वर्षे, धंदा : वार्ताहर, राहणार : खामगाव, जिल्हा बुलढाणा.

मी समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझे शेजारी व स्नेही उत्तमराव सीताराम गावंडे, वय ६८, निवृत्त मिस्त्री, हे काल सकाळी घरातून निघून गेले ते अद्याप परत आलेले नाहीत. त्याची खबर देण्यासाठी मी त्यांच्या पत्नी गीताबाई यांच्यासोबत आलो आहे. परंतु सदर इसमाविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे, ती आधी नोंदवून घ्यावी. सदर इसम गेल्या वर्षभरापासून माझ्याशी भांडत नाहीत. त्यापूर्वी अनेक वर्षे ते रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन मी उच्चारलेल्या प्रत्येक वाक्यास हरकत घेत. मी आज उकडते म्हटले तर ते स्वेटर मागत. कापसाचा भाव, नळाचे पाणी, रामाने बांधलेल्या पुलाचे बांधकाम, यांपैकी कशावरही आमचे एकमत झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. गेल्या वर्षी मात्र त्यांनी अचानक "बराबर हाये, शास्त्री" असे म्हणण्यास सुरुवात केली. खात्री करण्यासाठी मी एकदा असे विधान केले की शेंगदाण्याचे तेल भुईमुगापासून नव्हे, तुरीपासून निघते. ज्या माणसाची हयात तेलगिरण्यांत गेली त्याने त्यावर मान डोलावली. एखाद्या माणसाचा ठरलेला विरोधक असा परस्पर काढून घेणे हा माझ्या मते गुन्हा आहे व त्यास कलम असावे.

येथे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार जयमालाताई यांनी "सर, मानूस हरवला म्हनता, अन् हे काय लिहाले सांगून राह्यले?" असे विचारले. मी म्हणालो, लिहा, हे लागणार आहे. त्यांनी लिहिले.

माझ्याबद्दल विचारल्यावरून सांगतो की, मी एका जिल्हा दैनिकाला खामगाव तालुक्याच्या बातम्या पाठवतो. बाजारभाव, उद्घाटने, अपघात व निधन हे माझे विषय आहेत. लहानपणी मेहकरकडील एका पाठशाळेत संस्कृत शिकलो, त्याचा उपयोग निधनवार्तेत होतो. उत्तमराव मला शास्त्री म्हणतात ते त्यामुळेच. त्यात आदर किती व टवाळी किती हे मी कधी मोजले नाही.

उत्तमराव मूळ रोहिणखेडचे. तरुणपणी खामगावला आले व जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यांत, आणि तेलगिरण्यांत यंत्रे दुरुस्त करीत राहिले. यंत्र पारखण्याची त्यांची रीत अशी की, यंत्र चालू करायला लावायचे, एक लांब पेचकस त्याच्या अंगाला टेकवायचा, पेचकसाची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग आतले बेअरिंग शाबूत आहे की खाल्ले गेले आहे हे ते सांगत, व यंत्र उघडल्यावर तसेच निघत असे. त्यावरून येथील कारखानदारांत एक रिवाज पडला. जुने यंत्र घ्यायचे तर मिस्त्रींनी कान लावल्याशिवाय नारळ फोडायचा नाही, आणि त्यांनी एकदा हो म्हटले की त्यानंतर दुसऱ्या कोणी ते यंत्र तपासायचे नाही. वैद्याने नाडी पाहून हात खाली ठेवल्यावर घरच्यांनी तोच हात पुन्हा धरू नये, तसे. हा रिवाज कोठे लिहिलेला नाही. तो मोडलेलाही कोणी पाहिला नाही.

एवढी वर्षे जिनिंगच्या गडगडाटात उभ्या राहिलेल्या माणसाचे कान किती काळ टिकतील, हा प्रश्न आमच्यापैकी कोणासही पडला नाही. मला पडायला हवा होता. प्रश्न विचारणे हा माझा धंदा आहे.

शेखर ज्ञानेश्वर तायडे, वय ३४, याच्याबद्दल सांगतो की, तो शाळा सुटल्यापासून उत्तमरावांच्या हाताखाली शिकला. आता एमआयडीसीत त्याची स्वतःची शेड असून तो पेरणीयंत्राचे व मळणीयंत्राचे सुटे भाग बनवतो. त्याला एक जुने सीएनसी मिलिंग मशीन घ्यायचे होते. सीएनसी म्हणजे काय, असे हवालदार ताईंनी विचारल्यावरून सांगतो की, संगणकात घातलेल्या मापाप्रमाणे फिरते हत्यार आपोआप चालवून लोखंडात खाचा व भोके पाडणारे ते यंत्र आहे. हत्यार ज्या फिरत्या दांड्यात धरतात त्यास स्पिंडल म्हणतात. स्पिंडल गेले की यंत्र गेले, असे शेखरचे म्हणणे. ताईंनी "डिरिल मशीनचा मोठा भाऊ, असं लिहू का?" असे विचारले. लिहावे. शेखरची हरकत असणार नाही.

दिवाळीनंतर मलकापूर येथील हिंमतराव पुंडकर हे आपली शेड बंद करीत असून त्यांच्याकडे असे यंत्र विकाऊ आहे, असे समजले. एका सकाळी शेखर, उत्तमराव व मी असे शेखरच्या गाडीने मलकापूरला गेलो. मला नेण्याचे कारण शेखरने असे सांगितले की, "काका, तुमी असले का भाऊ खुश राह्यतात." शेखर त्यांना भाऊ म्हणतो व मला काका. वाटेत जुने यंत्र कसे पाहावे हे तो मला समजावून सांगत होता. आपण पोचू तेव्हा यंत्र थंड असले पाहिजे. विकणाऱ्याने आधीच चालवून गरम केलेले असेल तर वाईट आवाज दबतो. पत्रे उचलून खाली पाहायचे. स्पिंडलमध्ये पोलादी दांडा धरून त्याला डायल लावायचा, म्हणजे तो फिरताना किती वाकडा फिरतो ते कळते. शेवटी एक नग कापून मोजायचा. डायल म्हणजे घड्याळासारखे दिसणारे एक साधन असून केसापेक्षा कमी फरकाला त्याचा काटा हलतो. ते त्याने नवेच आणले होते व पेटीत घालून माझ्या मांडीवर धरायला दिले होते.

मी म्हणालो, "एवढे सगळे तूच करणार, तर मिस्त्रींना कशाला आणलेस?"

शेखर म्हणाला, "भाऊनं कान नाही लावला तं मशीन रुसन ना काका. म्हनीन, माह्याशी कोनी बोललंच नाही."

आम्ही दोघे हसलो. पुढच्या सीटवरून उत्तमराव "बराबर हाये" म्हणाले व हसले. ते आमच्या चेहऱ्यांकडे पाहून हसले हे मला आता समजते.

हिंमतरावांच्या शेडमध्ये चहा झाला. यंत्राला नवा रंग दिलेला होता. शेखर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नवरीले मेकप केला, काका. आपुन हातपाय पाहू." त्याने स्पिंडलच्या डोक्यावर तळहात ठेवला. यंत्र थंड होते. हिंमतराव म्हणाले, "सकाळपासून बटन दाबलं नाही, बाप्पू. मी लपवून इकत नाही. पाहून घ्या, वाजवून घ्या, कापून घ्या." शेखरने पत्रे उचलले, बॅटरी लावून खाली पाहिले, हत्यार थंड ठेवणाऱ्या टाकीतल्या पाण्याचा वास घेतला. तो समाधानी दिसला. मग त्याने मागे सरून उत्तमरावांना जागा दिली.

हिंमतरावांनी यंत्र चालू केले. स्पिंडल फिरू लागले. उत्तमरावांनी पेचकस टेकवला, मूठ कानामागे लावली व डोळे मिटले. मी मोबाइलवर छायाचित्र काढण्यासाठी बाजूला उभा राहिलो. एवढ्यात लाइट गेली. वरचे दिवे गेले, पंखा मंदावत थांबला, यंत्राचा पडदा काळा झाला आणि स्पिंडल गुरगुरत थांबले. दिवसाउजेडी पत्र्यातून प्रकाश येत होता त्यामुळे अंधार झाला नाही. शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. उत्तमरावांनी डोळे उघडले नाहीत. ते तसेच मूठ कानाला लावून उभे होते व हळूहळू मान डोलावीत होते. मग म्हणाले, "मस्त. गोड आवाज हाये."

मी शेखरकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता.

उत्तमरावांनी पेचकस काढला, आमच्याकडे वळले व म्हणाले, "करा बंद."

यावर हिंमतरावांनी "हाव भाऊ, करतो" असे म्हणून बंद असलेल्या यंत्राचे बटण दाबले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. हिंमतराव यंत्र विकणारे आहेत, सबब त्यांच्या या कृतीचा कोणी गैर अर्थ काढू नये. त्यांनी फायद्यासाठी तसे केले असे मला त्यावेळी वाटले नाही व आजही वाटत नाही. ते माझ्यापेक्षा भले वागले, कारण त्यानंतर तेच शेखरला हळूच म्हणाले, "लाइट येऊ द्या. तुमी तुमचा डायल लावून घ्या एकदा."

शेखरने पेटी उघडली होती. तो उत्तमरावांकडे पाहत होता, मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी काय म्हणतो याची तो वाट पाहत होता. मी म्हणालो, "शेखर, पाठशाळेत आम्हाला शिकवले होते की ज्ञानाची साधने तीन. डोळ्यांनी पाहणे, तर्काने जाणणे, आणि जाणत्या माणसाचा शब्द. तिसरे मिळाले असताना पहिले दोन मागायचे नसतात." असे आम्हाला शिकवले नव्हते. मी ते तिथल्या तिथे रचले. हिंमतराव हसले नाहीत. शेखर हसला व त्याने पेटी मिटली. नारळ मीच फोडला.

परत येताना उत्तमराव आनंदात होते. आतले बेअरिंग कसे बोलत होते याचे वर्णन ते नांदुऱ्यापर्यंत करीत राहिले. एवढे बारकाईने वर्णन मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकले नव्हते. आम्ही "हो भाऊ, हो भाऊ" करीत होतो.

त्यानंतर मी माझ्या दैनिकात "यंत्रांची नाडी जाणणारे उत्तमराव" या मथळ्याची बातमी दिली व सोबत ते छायाचित्र दिले. डोळे मिटलेले, पेचकस कानामागे. छायाचित्रातील यंत्र बंद आहे हे वाचकांच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. गीताबाईंनी ते कापून देवाच्या फोटोशेजारी लावले आहे.

यंत्र खामगावला आले. पुढे मी शेखरच्या शेडवर सहज गेलो असता तो कोपऱ्यात पोत्यांखाली काहीतरी ढकलताना दिसला. विचारले असता त्याने पोते उचलून दाखवले. खाली लोखंडी कड्यांचा ढीग होता. आतले भोक गोल हवे होते, ते लांबट पडत होते. स्पिंडल वाकडे फिरत होते. उत्तमराव रोज दुपारी यंत्र पाहायला येतात म्हणून तो बिघडलेले नग लपवत होता. ते आले की यंत्र बंद करून चहा मागवायचा, असा त्याचा क्रम होता.

मी त्याला म्हणालो, "शेखर, तू त्या दिवशी पाहिले होतेस ना?"

"कोनतं, काका?"

"लाइट गेली ते."

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "पाह्यलं ना. तुमी पाह्यलं तसंच म्या पाह्यलं. मी शिकाऊ होतो तवा गिरणीतली मोठी मोटार जाळली होती, काका. मालक मले हाकलाले आला, तं भाऊ म्हने माह्या हातून जळली. त्या मानसाच्या तोंडासमोर मी डायल लावू? लोक काय म्हनतीन, पोट्ट्यानं मिस्त्रीले तपासलं. मले वाटलं, मशीन निघन बी चांगली. निघाली असती तं कोनाले काय समजलं असतं?"

मला जे वाटले होते तेच तो बोलत होता, फक्त त्याच्या पदरात यंत्र पडले होते व माझ्या पदरात बातमी.

परवा दुपारी शेखरने अकोल्याहून एक तंत्रज्ञ बोलावला. नाव मला माहीत नाही, पंचविशीतला मुलगा होता. उत्तमराव त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला जाणार म्हणून ती वेळ धरली होती. मीही तेथे होतो. त्या मुलाने यंत्र चालू केले व दोन मिनिटांत तोंड वाकडे करून म्हणाला, "भाऊ, हे तं बहिऱ्यालेही ऐकू यीन. ही मशीन पास कोनं केली?"

"बराबर हाये," असा आवाज दारातून आला.

उत्तमराव दारात उभे होते. हातात पेरूची पिशवी होती. ते लग्नाला गेले नव्हते. पुष्कळ माणसांत त्यांना अलीकडे बरे वाटत नाही. ते हसत होते. मग त्यांनी शेखरचा चेहरा पाहिला, माझा पाहिला व हसू थांबले.

"काय म्हनलं बे त्यानं?"

शेखर म्हणाला, "काई नाही भाऊ. तेल बदला म्हने."

"तेल बदला म्हनलं तं इतकं थोबाड पाडा लागते का? शास्त्री, तू सांग. तू वाकडं बोलतं, पन खोटं नाही बोलत."

मी म्हणालो, "तेल बदला म्हणाला."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले. त्यांनी पेचकस मागितला नाही. ते चालू यंत्राजवळ गेले, स्पिंडलच्या डोक्यावर तळहात सपाट ठेवला व तसेच उभे राहिले. मग शेखरची नजर जेथे वळली त्या कोपऱ्यात जाऊन पोते उचलले. एक कडे घेतले, त्यात बोट घालून आतून फिरवले. दुसरे घेतले. तिसरे घेतले नाही.

मग त्यांनी विचारले, "मी तथी मलकापुरात कान लावला तवा मशीन चालू होती का?"

शेखरने मान खाली घातली व मीही. अकोल्याच्या मुलाला काही कळेना. तो एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता.

"मंजे सगळ्यायले मालूम होतं," उत्तमराव म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांनी एक कडे खिशात घातले व पेरूची पिशवी त्या मुलाच्या हातात दिली. "खाय बाप्पू. तू चांगलं पाह्यतं." असे म्हणून ते गेले. शेखर त्यांच्या मागे धावला व "भाऊ, भाऊ" अशा हाका मारीत फाटकापर्यंत गेला. ते थांबले नाहीत. शेखरला वाटले ते आता त्याच्याशी कधी बोलणार नाहीत. तो तेथेच फाटकाशी खाली बसला.

त्या संध्याकाळी उत्तमराव माझ्या ओट्यावर आले नाहीत. मीही गेलो नाही. उद्या जाऊ असे ठरवले व काय बोलायचे ते मनात लिहून काढले. सराव असल्यामुळे चांगले लिहिले गेले. काल दुपारी गीताबाई माझ्या दारात आल्या. उत्तमरावांनी पहाटे उठून स्वतः चहा केला, अंघोळ केली व बाहेर पडले. मोबाइल फळीवर ठेवून गेले. शेखरकडे गेले असतील असे समजून त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली होती.

गीताबाईंना मी विचारले की त्यांच्या कानाबद्दल तुम्हाला माहीत होते का. त्या म्हणाल्या, "तीन वर्सं झाली, भाऊजी. डाव्या कानानं काईच नाही. उजव्यानं, मी जवळ जाऊन बोलली तं थोडं. पोरालेही सांगू देलं नाही, शपथ घातली. डाक्तरनं कानातली मशीन घ्या म्हनलं, तं म्हने, माह्याच कानात मशीन बसवली तं मले मशीन पाह्याले कोन बलावन?" त्यांच्यात एक खूण होती. दाराची कडी वाजली की त्या उत्तमरावांच्या खांद्याला हात लावीत, म्हणजे ते "कोन हाये?" असे मोठ्याने विचारीत. बाहेरच्याला वाटे, मिस्त्रींचे कान काय तिखट आहेत. मलाही वाटे.

त्यांचा मुलगा प्रज्वल पुण्याला नोकरीस असून तो निघाला आहे. आम्ही काल नातेवाईकांकडे, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, सरकारी दवाखान्यात व बसस्टँडवर पाहिले. रोहिणखेडला फोन केला. तेथे ते गेलेले नाहीत. बसने ते जाणार नाहीत असे गीताबाई म्हणतात, कारण कंडक्टर काय विचारतो ते कळत नाही म्हणून त्यांनी बस केव्हाचीच सोडली आहे. आज सकाळी नांदुरा रोडवरील एका चहावाल्याने सांगितले की, काल अशा वर्णनाचे गृहस्थ नांदुऱ्याच्या दिशेने पायी जाताना दिसले. त्याने चहासाठी हाक मारली, पण त्यांनी वळून पाहिले नाही. "घमंडी वाटले," असे तो म्हणाला.

त्यावरून माझा तर्क असा की, ते हिंमतरावांकडे मलकापूरला चालत निघाले आहेत. आपण पास केलेले यंत्र परत घ्यावे, चूक आपली आहे, हे त्यांना स्वतः जाऊन सांगायचे असावे. खिशातले कडे त्यासाठीच नेले असावे. मी हिंमतरावांना फोन केला. ते म्हणाले, "मशीन घेतो मी वापस, शास्त्रीजी, त्याचं काई नाही. मानूस येऊ द्या आधी." ते स्वतः मोटारसायकलने मलकापूरकडून रस्ता पाहत येत आहेत. शेखर इकडून गेला आहे. दोघांचाही अद्याप निरोप नाही.

वर्णन विचारल्यावरून सांगतो : रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची मध्यम, उजव्या हाताचे मधले बोट अर्धे. नेसणीस पांढरा पायजमा, अंगात निळा शर्ट व बदामी स्वेटर, गळ्यात मफलर. माझा कोणावरही संशय नाही. शेखरविरुद्ध किंवा हिंमतरावांविरुद्ध माझी किंवा गीताबाईंची काहीही तक्रार नाही.

येथवरचा मजकूर जयमालाताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो शेवटपर्यंत ऐकला, मी सांगितले तसाच आहे. त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला असता मी आणखी थोडे वाढवण्याची विनंती केली, ती त्यांनी मान्य केली, ते असे :

उत्तमराव यंत्रावरून जिवाचे काही बरेवाईट करतील असे मला वाटत नाही. ते तसे नाहीत. माझी भीती साधी आहे. तो रस्ता ट्रकचा आहे, ते डाव्या कडेने, गाड्यांकडे पाठ करून चालतात, आणि मागून येणारे त्यांना ऐकू येत नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आणि माणूस बाजूला होईल असे धरून चालतो. हे त्यांना ऐकू येत नाही हे मला मलकापुरातच कळले होते. मी तेव्हा बोललो असतो तर आज निदान रस्त्यावरच्या दहा माणसांना ते माहीत असते. चहावाल्याला माहीत असते. मला झोप लागलेली नाही.

म्हणून नांदुरा व मलकापूरकडील आपल्या लोकांना बिनतारी निरोप देताना वर्णनाबरोबर एवढे जरूर कळवावे की, या माणसाला मागून हाक मारू नये. शिटी, हॉर्न, काही वाजवू नये. ते थांबणार नाहीत, व थांबले नाहीत म्हणून त्यांच्यावर रागावू नये. गाडी पुढे नेऊन उभी करावी, उतरून त्यांच्या समोर यावे आणि हात दाखवावा.

हे वाढवलेलेही वाचून घेतले. बरोबर आहे.

सही : निवृत्ती तुळशीराम खोडके
समक्ष : जयमाला, पोलीस हवालदार